फौजेवर पहारा कोणाचा?

विज्ञानकथांमधील सैन्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्यांची याने, त्यांची शस्त्रे, प्रकाशाच्या वेगाला मागे टाकणारी त्यांची यंत्रे यांवर चाहते तासन्‌तास वाद घालतात. परंतु त्याच सैन्यातील एखाद्या शिपायाने कोठारातून चोरी केली, नशेत एखाद्या नागरिकाला मारहाण केली किंवा पहाऱ्याची जागा सोडली, तर त्याला पकडणार कोण, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रशासनात सुमारे तीस वर्षे काढलेल्या माणसाला नेमका तोच प्रश्न आधी सुचतो, त्याला इलाज नाही.

हा प्रश्न ज्या एका कथाविश्वाने खरोखर अंगावर घेतला, ते म्हणजे 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'. ग्लेन लार्सन यांच्या १९७८ सालच्या मालिकेची रोनाल्ड मूर यांनी नव्याने केलेली ही रचना. डिसेंबर २००३ मध्ये तिची लघुमालिका आली आणि मार्च २००९ मध्ये ती चार हंगामांनंतर संपली. माझा धाकटा भाऊ अमेरिकेहून येताना तिच्या तबकड्यांचा संच घेऊन आला होता, म्हणून दिल्लीच्या एका उन्हाळ्यात ती माझ्या पाहण्यात आली. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मानवाच्या बारा वसाहती सायलॉन नावाच्या, मानवानेच घडवलेल्या यंत्रजातीने एका दिवसात बेचिराख केल्या. वाचली ती जेमतेम पन्नास हजार माणसे, काही डझन नागरी जहाजे आणि निवृत्त होऊन संग्रहालय होण्याच्या बेतात असलेली एक युद्धनौका, गॅलॅक्टिका. तिचा कमांडर विल्यम अडामा. मंत्रिमंडळातील बाकी सर्वजण मारले गेल्यामुळे उत्तराधिकाराच्या यादीत त्रेचाळिसाव्या असलेल्या शिक्षणमंत्री लॉरा रॉझलिन राष्ट्राध्यक्ष झाल्या. पुढची सारी कथा म्हणजे या दोघांनी मिळून चालवलेले, किंवा न चालवलेले, शासन होय. मार्च २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात या मालिकेवर मानवी हक्क आणि दहशतवाद यांच्या संदर्भात चर्चा घडवून आणण्यात आली होती. तेव्हा एखाद्या प्रशासकाने तिच्यावर लिहावे यात फारसे वावगे नसावे.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. 'लष्करी पोलीस' या पदाचा विग्रह दोन प्रकारे होतो. शाळेत शिकलेले समास आठवून पाहावेत. 'लष्कराचे पोलीस' म्हटले तर एक अर्थ, आणि 'लष्कर हेच पोलीस' म्हटले तर अगदी दुसरा. पहिल्या अर्थी हे पोलीस शिपायांवर नजर ठेवतात. दुसऱ्या अर्थी शिपाई नागरिकांवर नजर ठेवतात. या दोन अर्थांची गल्लत हे गॅलॅक्टिकाच्या ताफ्याचे मूळ दुखणे आहे, असे माझे मत आहे.

आपल्या कायद्यात पहिलाच अर्थ गृहीत धरलेला आहे. सेना अधिनियम, १९५० च्या कलम १०७ मध्ये प्रोव्होस्ट मार्शलची नेमणूक आणि कर्तव्ये दिली आहेत. सेनेतील किंवा सेनेशी संलग्न माणसांमध्ये शिस्त राखणे, गुन्हा करणाऱ्या सैनिकास अटक करून खटल्यासाठी ताब्यात ठेवणे, अटकेतील माणसांची जबाबदारी घेणे हे त्याचे काम. त्याच कलमात आणखी एक अट आहे आणि ती मला फार मोलाची वाटते: स्वतःच्या अधिकारात तो कोणालाही शिक्षा देऊ शकत नाही. पकडणारा वेगळा, न्याय करणारा वेगळा. आपल्यापैकी बहुतेकांना लष्करी पोलीस माहीत असतो तो छावणीच्या फाटकाशी किंवा ताफ्याच्या वाहतुकीपुढे उभा असलेला लाल टोपीचा जवान म्हणून. नागरिकावर त्याचा कोणताही अधिकार नाही. किंबहुना सैनिकाने नागरिकाशी नीट वागावे याची काळजी वाहणारा तो माणूस आहे. मे २०२१ मध्ये या दलात प्रथमच ८३ महिला जवान बेंगळुरूच्या केंद्रातून दाखल झाल्या. ही सुधारणा मला महत्त्वाची वाटते ती केवळ समान संधी म्हणून नव्हे. जिथे सैनिक आणि गावातील स्त्रिया समोरासमोर येतात, तिथे सैनिकाच्या बाजूला एक स्त्री उभी असणे ही प्रशासनाचीच गरज होती.

गॅलॅक्टिकावर या कामासाठी 'मास्टर-ॲट-आर्म्स' हे पद आहे. ते लेखकांच्या कल्पनेतले नाही. ब्रिटिश आरमारात शतकानुशतके जहाजावरील शिस्तीचा प्रमुख याच नावाने ओळखला जातो. मालिकेत या पदावर सार्जंट हेड्रियन नावाची एक करारी स्त्री आहे. तिच्याकडे आपण येऊच. त्याआधी ताफ्यातील पहिला मोठा पेच पाहू, कारण तो अगदी आपल्या ओळखीचा आहे.

घातपातामुळे गॅलॅक्टिकाच्या पाण्याच्या टाक्या फुटतात आणि पिण्याच्या पाण्याचा मोठा साठा अवकाशात उडून जातो. आता रेशनिंग आले, आणि रेशनिंग आले की दंगलीची भीती आली. राष्ट्राध्यक्ष रॉझलिन कमांडरकडे नागरी जहाजांवर बंदोबस्तासाठी सैनिक मागतात. अडामा नाखुषी दाखवतो. ज्याला शत्रूवर बंदूक रोखायला शिकवले आहे त्याला घर सांभाळायला बसवले, तर त्याला हळूहळू घरातही शत्रू दिसू लागतात, अशा आशयाचे उत्तर तो देतो. हे उत्तर मालिकेच्या चाहत्यांमध्ये फार प्रसिद्ध आहे आणि ते बरोबरही आहे. अमेरिकेत १८७८ पासून 'पॉसी कॉमिटॅटस' कायद्याने संघराज्याच्या सैन्याला नागरी पोलिसांच्या कामापासून सामान्यतः दूर ठेवले आहे, त्यामागचा विचारही हाच.

माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो अडामावर नसून रॉझलिनबाईंवर आहे. कमांडरने अशी नाखुषी दाखवल्यावर राज्यकर्त्याने दुसऱ्या दिवशी कोणते काम हाती घ्यायला हवे होते? स्वतःचे पोलीस दल उभे करण्याचे. पन्नास हजार म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाची वस्ती. तेवढ्या गावालाही एक पोलीस ठाणे असते, एक निरीक्षक, काही हवालदार आणि शिपाई असतात. बारा ग्रहांवरून वाचलेल्या पन्नास हजारांत काही माजी पोलीस, काही जकात अधिकारी, काही वकील असणारच. पुढे एका गाजलेल्या खटल्यासाठी ताफ्याला वकील मिळतात, जहाजांच्या कप्तानांमधून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीशही नेमले जातात. म्हणजे माणसे होती. पण राष्ट्राध्यक्षांचे मोजके सुरक्षारक्षक आणि तुरुंग-जहाजावरील पहारेकरी सोडले, तर सर्व ताफ्यासाठी नागरी पोलीस असे काही उभे राहत नाही. दरवेळी गरज पडली की गॅलॅक्टिकाला निरोप जातो.

असे का होते? अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला याचे उत्तर सोपे वाटते. मागणाऱ्याच्या दृष्टीने फौज फुकट असते. ती अगोदरच उभी आहे, तिला जेवण कोणीतरी देतच आहे, तिच्याकडे वाहने आहेत, शिस्त आहे. पोलीस दल उभे करायचे म्हणजे भरती, प्रशिक्षण, वेतन, नियमावली, तक्रारनिवारण, आणि फळ दिसणार दोन वर्षांनी. सैन्याची एक तुकडी मागवायची म्हणजे केवळ एक पत्र. त्या पत्राची खरी किंमत पुढे दुसरेच कोणी मोजते आणि ती कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. निवडणूक निरीक्षक म्हणून दोन राज्यांत काम करताना मी हे जवळून पाहिले आहे. जिल्ह्याला सशस्त्र दलाच्या किती तुकड्या लागतील, असे विचारले की पहिल्या बैठकीतील आकडा दुसऱ्या बैठकीत वाढलेला असतो आणि तिसऱ्या बैठकीत शेजारच्या जिल्ह्याचा आकडा कळल्यामुळे आणखी वाढतो. मागणी करणाऱ्याच्या स्वतःच्या तरतुदीतून त्यातला एक रुपयाही जात नाही. किंमत शून्य असलेल्या वस्तूची मागणी किती असते, हे पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकात दिलेले आहे.

असो. आता हेड्रियन.

सायलॉन हुबेहूब माणसासारखे दिसू शकतात, हे एव्हाना नेतृत्वाला कळलेले असते. असाच एक सायलॉन गॅलॅक्टिकावर शिरतो, स्वतःला उडवून देतो आणि जहाजावरील तिघांचा जीव घेतो. अडामा सार्जंट हेड्रियनच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र चौकशी मंडळ नेमतो. माग काढत ती विमानतळाच्या कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचते. त्यांचा प्रमुख टिरॉल आणि वैमानिक बूमर यांचे प्रेमसंबंध असतात, जे नियमाने निषिद्ध आहेत. दोघे चोरून भेटत होते, त्या वेळी एक दार उघडे राहिले आणि हल्लेखोराला स्फोटकांपर्यंत वाट मिळाली, असा चौकशीचा रोख. आपल्या प्रमुखाला वाचवण्यासाठी कर्मचारी खोट्या जबान्या देतात. सोसिनस नावाचा एक तरुण सारा दोष स्वतःवर घेतो. हेड्रियन तिथे थांबत नाही. ती खुद्द कमांडरला साक्षीला बोलावते आणि त्याच्या निर्णयांविषयी टोकदार प्रश्न विचारू लागते. अडामा ही चौकशी भरकटली असल्याचे जाहीर करून उठतो. ती पहारेकऱ्याला त्याला अडवायला सांगते. अडामा त्याच पहारेकऱ्याला हेड्रियनला ताब्यात घ्यायला सांगतो. पहारेकरी क्षणभर घुटमळतो आणि कमांडरचे ऐकतो.

मालिकेला प्रेक्षकाने इथे अडामाच्या बाजूने उभे राहावे असे वाटते, हे उघड आहे. हेड्रियनचे पात्र रंगवलेच आहे तशा ढंगाने: ताठ, संशयी, थोडीशी आसुरी. पण क्षणभर पात्राचा चेहरा बाजूला ठेवून फाइल वाचावी. तिने काढलेला माग चुकीचा होता काय? कर्मचारी खोटे बोलत होते, हे खरे होते. टिरॉल आणि बूमर यांचे संबंध खरे होते. आणि बूमर स्वतः सायलॉन होती, हे प्रेक्षकाला तोपर्यंत कळलेले असते. पाण्याच्या टाक्या उडवणारीही तीच. चौकशी त्या सत्यापासून दोन पावलांवर असताना ती बंद करण्यात आली. पहिल्या हंगामाच्या अखेरीस हीच बूमर कमांडर अडामाच्या छातीत गोळ्या झाडते. म्हणजे ज्या चौकशीला त्याने स्वतः टाळे ठोकले, तिच्याच वाटेवर त्याची मारेकरी उभी होती. मालिका हा हिशेब कधी मोठ्याने मांडत नाही.

आणि सोसिनस? चौकशी निकालात निघाली, तरी तो कोठडीतच राहतो. अडामाला टिरॉलचा अपराध कळलेला असतो. पण टिरॉलवाचून विमाने उडणार नाहीत, म्हणून तो आपल्या जागेवर परत जातो आणि खालचा पोरगा आत. ज्याने कोणत्याही कार्यालयात दहा वर्षे काढली आहेत त्याला या निकालाचे आश्चर्य वाटणार नाही.

हेड्रियनच्या बाजूने बोलताना तिच्या चौकशीतील दोष झाकण्याचे कारण नाही. तिच्यापुढील साक्षीदाराला कोणाचा सल्ला घेता येत होता, पुराव्याचे नियम कोणते होते, तिच्या आदेशाविरुद्ध दाद कोठे मागायची, यांतले काहीच ठरलेले नव्हते. विषयाची चौकटही आखलेली नव्हती. परंतु हा दोष नेमणुकीच्या आदेशाचा आहे. कमांडरने तोंडी स्वातंत्र्य दिले आणि तोंडीच काढून घेतले. आपल्याकडे १९५२ चा चौकशी आयोग कायदा आहे. सरकार आयोगही गुंडाळू शकते, त्याच कायद्याच्या कलम ७ मध्ये तशी सोय आहे. मात्र त्यासाठी राजपत्रात अधिसूचना काढावी लागते, आणि आयोग विधिमंडळाच्या ठरावाने नेमला गेला असेल तर तो बंद करण्यासाठीही ठरावच लागतो. म्हणजे बंद करणाऱ्याला ते चारचौघांत, स्वतःच्या सहीने करावे लागते. हे संरक्षण फार मोठे नाही हे मला ठाऊक आहे. तरीही पहारेकऱ्याकडे पाहून आज्ञा सोडण्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

ही मालिका कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये चित्रित झाली. योगायोग असा की, हेड्रियनच्या चौकशीचे सर्वांत जवळचे खरे उदाहरण कॅनडाचेच आहे. मार्च १९९३ मध्ये सोमालियात शांतिकार्यासाठी गेलेल्या कॅनडाच्या सैनिकांच्या ताब्यात शिडेन अरोन या किशोराचा छळ होऊन मृत्यू झाला. संबंधित हवाई रेजिमेंट १९९५ मध्ये बरखास्त करण्यात आली आणि न्यायमूर्ती जिल लेतुर्नो यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. आयोग खालच्या शिपायांपासून वर मुख्यालयाकडे सरकू लागला, तेव्हा १९९७ मध्ये सरकारने त्याची मुदत आखडून घेतली. पण कथा आणि वास्तव यांत एक फरक राहिला. अर्धवट का होईना, अहवाल छापला गेला आणि लष्करी पोलिसांची रचना त्या देशाला बदलावी लागली. गंभीर गुन्ह्यांसाठी स्वतंत्र लष्करी तपास यंत्रणा उभी राहिली, आणि लष्करी पोलिसांविरुद्धच्या तसेच त्यांच्या तपासात वरिष्ठांनी केलेल्या ढवळाढवळीच्या तक्रारी ऐकण्यासाठी १९९९ मध्ये एक नागरी आयोग स्थापन झाला. हा दुसरा भाग मला विशेष वाटतो. लष्करी पोलिसाला आपल्याच वरिष्ठाविरुद्ध तक्रार करता यावी, अशी खिडकी त्यात आहे. हेड्रियनला तशी खिडकी कुठे होती?

अडामा गोळी लागून पडल्यावर ताफ्याचा कारभार त्याचा सहायक, कर्नल टाय याच्याकडे जातो. राष्ट्राध्यक्षांना सैन्याने आधीच अटक केलेली आहे. टाय लष्करी कायदा पुकारतो. निषेध म्हणून काही नागरी जहाजे गॅलॅक्टिकाला रसद देणे थांबवतात. टाय सैनिक पाठवून माल जप्त करायला लावतो. गिडियन नावाच्या जहाजावर जमाव गोळा होतो, शिवीगाळ होते, वस्तू फेकल्या जातात, कोणाची तरी गोळी सुटते, मग सर्वांच्याच सुटतात. चार नागरिक ठार.

या प्रसंगाविषयी बोलताना चाहते बहुधा टायच्या दारूला आणि त्याच्या स्वभावाला दोष देतात. मला तिथे उपस्थित नसलेली माणसे दिसतात. तुकडीचे नेतृत्व पॅलॅडिनो नावाच्या लेफ्टनंटकडे होते, आणि तो वैमानिक होता. जमावापुढे उभे राहण्याचे शिक्षण त्याला कोणी दिलेले नव्हते. जमावाला जाहीर इशारा देऊन पांगायला सांगणारा दंडाधिकारी नव्हता. सैनिकांना आवरायला मास्टर-ॲट-आर्म्सचा एकही माणूस नव्हता. आपल्याकडे बेकायदा जमाव पांगवण्यासाठी सैन्य वापरण्याची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३० मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ मध्ये आहे. इतर मार्गाने जमाव पांगत नसेल तरच, आणि तेथे हजर असलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यानेच, सैन्यास पाचारण करायचे, आणि सैन्यानेही कमीत कमी बळ वापरून माणसांना व मालमत्तेला कमीत कमी इजा करायची, असे ते कलम सांगते. 'हजर असलेल्या' हा शब्द इंग्रजांच्या काळापासून चालत आला आहे आणि मी तो नव्या अधिकाऱ्यांना नेहमी अधोरेखित करून दाखवत असे. दूरध्वनीवरून सैन्य चालवता येत नाही. ही कलमे सर्वत्र आणि सदैव पाळली गेली असा माझा दावा नाही. ज्या प्रदेशांत १९५८ चा सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा लागू झाला, तिथे या दंडाधिकाऱ्याची अट बाजूला पडली. त्याचे परिणाम काय झाले, यावर ईशान्येत नोकरी केलेल्या कोणाही अधिकाऱ्याशी बोलावे.

गिडियनच्या गोळीबाराबद्दल पुढे कोणावरही कोर्ट मार्शल झाल्याचे मालिकेत दिसत नाही. गवगवा होतो तो एका वृत्तपत्रकार स्त्रीमुळे. तिला शांत करण्यासाठी अडामा आणि रॉझलिन तिला गॅलॅक्टिकावर अनुबोधपट करण्याची मुभा देतात. दरम्यान टायला ठार मारण्याच्या धमक्या येऊ लागतात, आणि धमक्या देणारा निघतो तोच लेफ्टनंट पॅलॅडिनो. चार जणांच्या मृत्यूचे ओझे त्याच्याच्याने पेलवत नव्हते. रीतसर चौकशी झाली असती तर त्याला आपले म्हणणे मांडता आले असते, शिक्षा झाली असती किंवा तो सुटला असता. दोन्हींपैकी काहीच न झाल्यामुळे त्याने पिस्तूल उचलले. लष्करी पोलीस सैनिकाच्या विरोधात असतो, ही समजूत किती अपुरी आहे, हे या एका पात्रावरून दिसते. (ती पत्रकार स्त्रीही सायलॉनच असते, हा मालिकेचा खट्याळपणा.)

ही कथा लिहिली जात होती तेव्हा अमेरिकेत अबू घरीबचे प्रकरण ताजे होते, हे विसरून चालणार नाही. त्या तुरुंगातील छळात लष्करी पोलीसच गुंतलेले होते. मेजर जनरल टगूबा यांच्या २००४ च्या अहवालात मूळ कारणांपैकी एक असे दिले आहे की, कैदी सांभाळणाऱ्या लष्करी पोलिसांना गुप्तवार्ता विभागाच्या चौकशीसाठी कैद्यांची 'तयारी' करण्याच्या कामाला जुंपले गेले. त्यांचे स्वतःचे काम त्यांच्याकडून काढून दुसऱ्याचे दिले गेले. आणि ती छायाचित्रे तपास यंत्रणेकडे पोहोचवणारा जवान, जो डार्बी, हाही त्याच लष्करी पोलीस कंपनीतला होता.

काळ्या बाजाराचा भाग मालिकेच्या चाहत्यांना फारसा आवडत नाही. मला मात्र तो रंजक वाटतो. पेगॅसस या दुसऱ्या युद्धनौकेच्या कमांडरचा खून होतो, तो काळ्या बाजारात सामील असल्याचे उघड होते, आणि तपासाचे काम दिले जाते ते अडामाच्या मुलाला, म्हणजे पुन्हा एका वैमानिकाला. शेवटी तो त्या टोळीच्या म्होरक्याला गोळी घालतो आणि उरलेल्यांना सांगतो की, धंदा चालू ठेवा, पण औषधे अडवायची नाहीत आणि मुलांचा व्यापार चालणार नाही. टंचाईच्या अर्थव्यवस्थेत काळा बाजार पूर्णपणे बंद करता येत नाही, हे त्याला कळले, इतके शहाणपण मी मान्य करतो. आमच्या पिढीने रॉकेल आणि साखरेच्या रांगा पाहिल्या आहेत. पण तपास, न्याय, शिक्षेची अंमलबजावणी आणि व्यापार धोरण ही चार खाती एका पिस्तुलाने एका दुपारी निकालात काढली. प्रोव्होस्टने स्वतःच्या अधिकारात शिक्षा देऊ नये, असे कलम १०७ का म्हणते, ते इथे पाहावे.

एवढे लिहिल्यावर कोणी म्हणेल की, नागरी पोलीस दल उभे केले की सारे सुरळीत होते, असे तुम्हाला वाटते काय? मुळीच नाही, आणि मालिकेनेच त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. तिसऱ्या हंगामात, म्हणजे २००६ मध्ये, न्यू कॅप्रिका या ग्रहावर वस्ती केलेली माणसे सायलॉनच्या ताब्यात सापडतात. सायलॉन माणसांमधूनच एक पोलीस दल भरती करतात. ते पोलीस तोंड झाकून रात्री घरांत शिरतात आणि आपल्याच शेजाऱ्यांना उचलून नेतात. ताबा उठल्यावर सूड म्हणून सहा जणांचे एक गुप्त मंडळ या सहकाऱ्यांवर परस्पर निवाडे करते आणि दोषींना यानाबाहेर निर्वातात फेकते. जॅमर नावाच्या पोलिसाने पकडलेल्या एका स्त्रीला स्वतः पळून जायला मदत केली होती. निवाड्याच्या वेळी त्याचा काही उपयोग झाला नाही. अखेर रॉझलिन पुन्हा राष्ट्राध्यक्ष होतात आणि सर्वांना माफी जाहीर करतात. तो निर्णय मला पटतो. पण हेही ध्यानात यावे की, या टोकाच्या दोन गोष्टींच्या मध्ये, गुप्त देहदंड आणि सरसकट माफी यांच्या मध्ये, ज्या नेहमीच्या संस्था असतात, त्या कोणी उभ्याच केल्या नव्हत्या.

मला तो ताफा चालवायला दिला असता, तर पाण्याच्या संकटानंतरच्या आठवड्यात मी दोन आदेश काढले असते. एकाने राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली शंभरेक माणसांचे पोलीस दल, प्रत्येक मोठ्या जहाजावर तेथल्याच रहिवाशांतून. दुसऱ्याने मास्टर-ॲट-आर्म्सची रीतसर स्थापना. शिस्तीपुरता तो कमांडरच्या हाताखाली राहील. मात्र नागरिकाचा मृत्यू किंवा इजा झाली असेल अशा तपासात त्याला कोणाचीही आज्ञा घ्यावी लागणार नाही, आणि तपास थांबवायचा असल्यास कमांडरने लेखी कारण राष्ट्राध्यक्षांकडे पाठवावे, राष्ट्राध्यक्षांनी ते निवडून आलेल्या बारा प्रतिनिधींपुढे ठेवावे. नागरी जहाजावर सैन्याची तुकडी जाईल तेव्हा तिच्यासोबत एक नागरी दंडाधिकारी आणि मास्टर-ॲट-आर्म्सचा एक माणूस असल्याशिवाय हवाबंद दार उघडू नये.

माझ्या एका सहकाऱ्याला मी हे ऐकवले तेव्हा तो म्हणाला, मागे शत्रू लागलेला असताना एवढी कागदपत्रे कोण करणार? त्याला मी पहिल्याच भागातील एक गोष्ट आठवून दिली. सायलॉन दर तेहतीस मिनिटांनी हल्ला करत होते, पाच दिवस कोणाच्या डोळ्याला डोळा लागलेला नव्हता, तरीही राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातील पांढऱ्या फळ्यावर वाचलेल्या माणसांचा आकडा दर हल्ल्यानंतर खोडून नव्याने लिहिला जात होता. म्हणजे कागदपत्रे होतच होती. त्यांत आणखी दोन नोंदवह्यांची भर पडली असती.